एक जुना अल्बम, एक नवा अल्बम, लागोपाठ ऐकायला: जोड्या सुचवा राव (नाशिककरांनी आधी)

गच्चीवरचा_बेसिस्ट

नमस्कार मंडळी. आमचं चौघांचं टोळकं आहे, सिडकोत माझ्या गच्चीवर एक रविवार सोडून एक रविवार सकाळी साडेसातला जमतो. साडेसातलाच, कारण नऊनंतर वरचा पत्रा असा तापतो की गिटार काय, माणूसही ट्युनिंगमधून जातो. नियम एकच, एक जुना रॉक अल्बम आणि त्याच जातकुळीतला पण निदान वीस वर्षांनी आलेला दुसरा, दोन्ही अख्खे, मधे गाणं न पुढे ढकलता, मोबाईल पालथे घालून. मग मिसळ. मग भांडण. खरं सांगायचं तर भांडणासाठीच जमतो.

सुरुवात सगळे करतात तीच जोडी घेऊन केली, पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून (१९७३) आणि रेडिओहेडचा ओके कॉम्प्युटर (१९९७). ४३ मिनिटं आणि ५३ मिनिटं, म्हणजे दीड तासाच्या थोडं वर, बरोबर बसतं. आमच्यातला एक जण म्हणाला की ओके कॉम्प्युटर म्हणजे नव्वदीतला डार्क साइड, विषय संपला. माझं डोकंच फिरलं. मला तर लागोपाठ ऐकल्यावर दोन्ही एकमेकांच्या उलटेच वाटायला लागले. फ्लॉइडची सगळी भीती माणसाच्या आतली आहे, वेळ निघून चाललाय, पैसा, मरण, डोकं ठिकाणावर न राहणं. रेडिओहेडची भीती बाहेरून अंगावर येते, गाड्या, विमानं, ऑफिस, मशीन. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे बोलण्याचे आवाज. डार्क साइडमध्ये मधूनमधून जे लोक बोलतात ते खरे लोक आहेत, बँडचे रोडी (सामान लावणारी-वाहणारी माणसं), ॲबी रोड स्टुडिओचा दरवान वगैरे, त्यांना प्रश्न विचारून उत्तरं टेप केलेली. ओके कॉम्प्युटरमध्ये त्याच जागी काय आहे? फिटर हॅपियर, मॅक कॉम्प्युटरचा तो सपाट आवाज, चांगलं वागायच्या गोष्टींची यादी वाचणारा. दरवानाच्या जागी मशीन. आता ह्याला सारखं म्हणायचं का उलट?

शेवटही बघा ना, एक छातीच्या ठोक्यावर संपतो, दुसरा टिंग करून एका घंटीवर, ओव्हनमधलं गरम झालं की वाजते तशी.

तर प्रश्न असा, दोन अल्बम ‘सारखे’ आहेत हे तुम्ही कशावरून ठरवता? आवाजावरून, विषयावरून, की आणखी कशावरून? आणि पुढच्या रविवारसाठी जोडी सुचवा, पण नुसती नावं टाकून पळू नका, का ते लिहा. ‘नवीन काय सगळं चोरीचंच’ टाइप कॉमेंट आमच्याकडे घरचीच आहे, ती बाहेरून नको.

कॅसेटकाका_नाशिकरोड

पहिली गोष्ट म्हणजे बाळांनो तुम्ही ऐकताय ते चुकीचं ऐकताय, रागावू नका. डार्क साइड हा ४३ मिनिटांचा एक तुकडा नाहीये. तो दोन बाजूंचा अल्बम आहे. पहिली बाजू संपते क्लेअर टोरीच्या त्या शब्दांशिवायच्या गाण्यावर, बाई जीव जाईपर्यंत ओरडते, मग हळूहळू शांत होते, आणि खट्. इथे उठायचं, रेकॉर्ड उलटी करायची. आमच्याकडे रेकॉर्ड कुठली, कॅसेट होती, ती काढायची, पेन्सिलीने टेप जरा घट्ट करायची, परत घालायची. आणि मग नाणी खुळखुळतात. म्हणजे मरणानंतर अर्धा मिनिट शांतता आणि त्यानंतर पैसा. ती मधली शांतता बँडने नाही दिलेली, ती आपण आपल्या हाताने घालायची असायची. तुमच्या मोबाईलवर ते दोन्ही एकमेकांना चिकटतं आणि ती गंमतच जाते. पुढच्या वेळी मधे थांबा, उठा, गच्चीला एक चक्कर मारा आणि या.

ओके कॉम्प्युटर सीडीच्या जमान्यातला. एल्पीच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, एका बाजूला बावीस-तेवीस मिनिटांच्या वर गेलं की आवाज बारीक व्हायला लागतो, ही अडचण सीडीला नव्हती. तोच अल्बम एल्पीवर दोन तबकड्यांत आला. म्हणून त्याला मधे श्वास नाही, गर्दीच्या लोकलसारखा एकदम शेवटच्या स्टेशनला उतरवतो.

अजून एक फरक तुझ्या मुद्द्यात नाहीये तो सांगतो. डार्क साइड रेकॉर्ड करण्याआधी फ्लॉइडने तो १९७२ मध्ये स्टेजवर वाजवला होता, गावोगाव. लोकांपुढे घासूनपुसून झालेला माल आहे तो. रेडिओहेडने आपला बराचसा अल्बम बाथजवळच्या एका जुन्या हवेलीत बसून केला, स्वतःची रेकॉर्डिंगची सामग्री घेऊन गेले होते. एक चव्हाट्यावरचा, दुसरा वाड्यातला. (२००७ ला रॉजर वॉटर्स मुंबईत आला होता तेव्हा पंचवटी एक्सप्रेसने सकाळी गेलो, बीकेसीच्या मैदानावर उभं राहून अख्खा डार्क साइड ऐकला आणि रात्री दादरवरून लाल डब्याने परत. कसारा घाटात उतरून चहा प्यालो, कानात अजून घड्याळं वाजत होती. घरी यायला उजाडलं, बायको चार दिवस बोलली नाही. असो.)

आता तुझी जोडी. द हूचा क्वाड्रोफेनिया (१९७३) आणि ग्रीन डेचा अमेरिकन इडियट (२००४). सगळे जण अमेरिकन इडियटशेजारी हूचाच टॉमी ठेवतात कारण रॉक ऑपेरा (अख्ख्या अल्बमभर एकच गोष्ट) म्हटलं की टॉमी. पण टॉमीमधला पोरगा आंधळा बहिरा मुका, गोष्ट जवळजवळ पुराणातली. क्वाड्रोफेनियातला जिमी साधा पोरगा आहे, घरच्यांशी पटत नाही, नोकरीत मन नाही, गँगमध्ये जाऊन आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं आणि मग तेही फुटतं. अमेरिकन इडियटची गोष्ट हीच, फक्त लंडनच्या जागी अमेरिकेतलं उपनगर. आणि त्यातल्या त्या डेंजर पात्राचं नाव काय? सेंट जिमी. मला तरी हा योगायोग वाटत नाही, तुम्ही ठरवा. क्वाड्रोफेनियातल्या जिमीच्या डोक्यात चार माणसं आहेत, बँडमधल्या चौघांची एकेक, आणि प्रत्येकाची एक धून, शेवटी चारही एकत्र येतात. ग्रीन डेने तसलं काही न करता नऊ नऊ मिनिटांची दोन गाणी पाच पाच तुकडे जोडून बनवली. सुताराचं काम आणि शिंप्याचं काम, इतका फरक.

एकच सूचना. २००४ चा अल्बम १९७३ च्या मानाने जाम जोरात भरलेला आहे, सगळं कायम वरच्या पट्टीत दाबलेलं. दोन्ही एकाच व्हॉल्यूमला ऐकले तर नवा उगाच दमदार वाटतो, कानाला मोठा आवाज चांगलाच वाटतो, ही जुनी फसवणूक आहे. ॲपमधे आवाज समान करायची सेटिंग असते ती लावा, आणि एका गाण्यात दुसरं मिसळायची जी सेटिंग असते ती आधी बंद करा. बाकी ठीक.

गच्चीवरचा_बेसिस्ट

काका __/\__ मधे थांबायचं हे खरंच डोक्यात नव्हतं. क्वाड्रोफेनिया डबल अल्बम आहे ना पण, ८० मिनिटं, आणि वर अमेरिकन इडियट ५७. पत्रा तापणार.

कॅसेटकाका_नाशिकरोड

मग सहाला जमा. आमच्या वयात येतेच जाग.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

मी लिहिणारातला नाही पण ही जोडी सांगितल्याशिवाय झोप येणार नाही. ब्लॅक सॅबथ, मास्टर ऑफ रिॲलिटी, १९७१. आणि क्युसचा ब्लूज फॉर द रेड सन, १९९२.

कारण सांगतो. मी एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे. आमच्याकडे पॉवर प्रेसवर नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमीची गोष्ट मी सांगतो, सेफ्टीच्या बोर्डापेक्षा जास्त लागू पडते. सतरा वर्षांचा होता, बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला, आणि तो त्याचा नोकरीतला शेवटचा दिवस होता भो, शेवटचा. दुपारी जेवायला घरी आला, परत जाणारच नव्हता, आईने पाठवला की काम पूर्ण करून ये. मशीनवरचा नेहमीचा माणूस आला नव्हता म्हणून ह्याला बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कोणीही गिटार विकली असती. ह्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं, आणि हलक्या तारा लावल्या. मास्टर ऑफ रिॲलिटीपर्यंत येता येता तारा दीड सूर खाली सैल केल्या, की दाबायला त्रास कमी. आता सैल तार म्हणजे आवाज खाली, जाड, जड. आज जगभर पोरं ज्याला हेवी म्हणतात त्यातलं निम्मं ह्या दुखऱ्या बोटांतून आलंय. अल्बमची सुरुवातच खोकल्याने होते, तो पण आयोमीचाच खोकला.

आता क्युस. कॅलिफोर्नियातली वाळवंटातली पोरं, गावात वाजवायला जागा नाही तर उघड्या रानात जनरेटर लावून वाजवायची. आपल्याकडे मंडळाचा जनरेटर असतो ना पाठीमागे टेम्पोत धडधडत, तसंच चित्र डोळ्यापुढे आणा, फक्त मंडप नाही, पोलीस नाही (कधीकधी यायचे म्हणे), नुसतं रान. गिटारवाला जॉश होमी, अल्बम आला तेव्हा १९ वर्षांचा. त्याने गिटार आयोमीपेक्षाही अजून अर्धा सूर खाली लावली आणि वर ती गिटार बेसच्या अँपमधून काढली. बोटं त्याची शाबूत होती. म्हणजे एकाने नाइलाजाने केलं ते दुसऱ्याने आवडीने केलं, आणि मला ह्या दोन अल्बमांत हेच सगळ्यात भारी वाटतं.

ऐकायला सारखे वाटतात पण नीट ऐका. सॅबथचा रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) थांबतो. पडतो, थांबतो, परत पडतो, प्रेस कसा खाली येतो तसा. स्ट्रोक असतो त्याला. क्युसचा थांबतच नाही, सिन्नरच्या पुढे उन्हाळ्यात दुपारी बाइकवर निघा, रस्ता हलतोय असं दिसतं ना, तसा आहे. सॅबथ ३४ मिनिटांत आटपतात, क्युसला साधारण पन्नास लागतात, कारण त्यांना कुठे जायचंच नाहीये. पत्र्याखाली क्युस ऐका, साडेनऊला, मुद्दाम तापू द्या.

रियाझ_कमी_चहा_जास्त

वा सातपूरकर, दोन वेळा वाचलं. लिहिणारातला नाही म्हणे.

मी जरा भांडणाचं लाकूड टाकते. लेड झेपलिनचा चौथा अल्बम (१९७१, ज्याच्या कव्हरवर नावच नाही तो) आणि ग्रेटा व्हॅन फ्लीटचा अँथम ऑफ द पीसफुल आर्मी (२०१८). हो हो, माहितीये, पोरांनी झेपलिनच्या गायकाचा, रॉबर्ट प्लांटचा, गळाच उचललाय, ऐकलं की दहा सेकंदांत हसू येतं. मिशिगनमधल्या एका छोट्या गावातले तीन सख्खे भाऊ आणि त्यांचा एक मित्र. त्यांच्या आधीच्या रेकॉर्डला २०१९ मध्ये बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि दुसऱ्या बाजूला ह्या अल्बमला पिचफोर्क ह्या संगीत समीक्षेच्या साइटने दहापैकी १.६ दिले. १.६! आमच्या कॉलेजात अंतर्गतला हजेरीचे पण ह्याहून जास्त मिळायचे.

माझा प्रश्न असा की ख्यालात एखादी शिष्या हुबेहूब गुरूसारखी गायली तर आपण म्हणतो घराणं टिकवलं. रॉकमध्ये तेच केलं की कॉपी. हे काय आहे? आणि झेपलिनने तरी कुठून आणलं सगळं? त्या चौथ्या अल्बमचं शेवटचं गाणं, धरण फुटण्याचं, ते मुळात १९२९ मधलं मेम्फिस मिनी आणि कान्सास जो मॅकॉय ह्या जोडप्याचं ब्लूज आहे, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. आपल्याला हे कळायला पाहिजे खरं तर, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ह्यावर पूर मोजणारी माणसं आपण. त्या गाण्याला मेम्फिस मिनीचं नाव तरी दिलंय, पण दुसऱ्या एका गाण्यावरून ब्लूजवाल्या विली डिक्सनने ह्यांना कोर्टात खेचलं होतं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

ताई घराण्यात तालीम असते, गुरूसमोर बसावं लागतं, शिव्या खाव्या लागतात. ह्या पोरांनी वडलांच्या रेकॉर्डी ऐकून उचललंय.

रियाझ_कमी_चहा_जास्त

मग एकलव्य म्हणा. त्याचं काय झालं माहितीये ना, बोटाचंच प्रकरण परत.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

🙏 हरलो

गच्चीवरचा_बेसिस्ट

घराण्याचा मुद्दा भारी आहे पण एक गोष्ट खटकते, घराण्यातला चांगला शिष्य दहा वर्षांनी वेगळा वाटायला लागतो. ग्रेटावाले लागतील का? आणि ताई, मी तो अल्बम ऐकला काल रात्री, गाणारा ठीक आहे पण ड्रम्स. ड्रम्समधे जीवच नाही. झेपलिनचं ते पुराचं गाणं सुरू झालं की पहिल्या ठोक्याला भिंत हलते, ते तिकडे कुठेच होत नाही. का?

टिपरू_आणि_थाप

हे वाचत होतो गपचूप, पण ड्रम्स विचारलं म्हणून बोलतो. मी ढोल पथकात वाजवतो, पंचवटीत आमचा सराव असतो, सध्या गणपतीआधीची तयारी चालू आहे.

त्याचं उत्तर आहे जिना. झेपलिनचा ड्रमर बॉनहॅम, त्याचा ड्रमसेट हेडली ग्रँज नावाच्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात नव्हता, खाली जिन्याच्या पायथ्याशी होता, वर तीन मजल्यांची पोकळी. इंजिनिअर अँडी जॉन्सने माइक ड्रमजवळ लावलेच नाहीत. दोन माइक वर जिन्यातून खाली सोडले. म्हणजे आपल्याला ऐकू येतो तो ड्रम कमी आणि घर जास्त. वर टेप थोडी हळू करून अजून जड केला. नंतर हिप हॉपवाल्यांनी तो ठोका उचलला, बीस्टी बॉईजच्या १९८६ च्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं त्याच्यावरच चालू होतं. आता असा ठोका कॉम्प्युटरवर बटण दाबून मिळतो, पण मग त्यात घर नसतं.

आता ज्याने हा धागा काढला त्या बेसिस्ट भाऊला एक गंमत. ओके कॉम्प्युटरमधलं एक्झिट म्युझिक माहितीये ना, सुरुवातीला एकटा गळा आणि गिटार, कोणीतरी विहिरीतून गातंय असं. त्यांचा गायक थॉम यॉर्क, तो पण काकांनी सांगितलेल्या त्या हवेलीच्या दगडी जिन्यात गायलाय. प्रतिध्वनी मशीनचा नाहीये, दगडाचा आहे. मॅकच्या सपाट आवाजाचा अल्बम म्हणता तुम्ही, त्यातच हे पण आहे.

म्हणून मला विचाराल तर ओके कॉम्प्युटरची जोडी फ्लॉइडशी नाहीच. झेपलिनच्या चौथ्याशी आहे. दोन्ही बँड स्टुडिओ सोडून जुन्या घरात जाऊन बसले आणि घर वाजवलं. विषय वेगळा, आवाज वेगळा, पण ज्याला रेकॉर्डिंग कळतं त्याला कान लावून दोन्हीत तेच सापडेल.

मागच्या आठवड्यात सराव चालू असताना पाऊस आला, ढोलाची पानं (वाजवायच्या बाजूचे पडदे) भिजू नयेत म्हणून ढोल एका अपार्टमेंटच्या जिन्याखाली ठेवले. मला राहवलं नाही. एका पोराला मोबाईल देऊन तिसऱ्या मजल्यावर पाठवलं, रेकॉर्डिंग चालू करून कठड्यावरून खाली धर म्हटलं, आणि मी एक टोल दिला. एकच. रेकॉर्डिंग ऐकलं तर शपथ सांगतो अंगावर काटा. फोन साधा, कुठली प्रोसेसिंग नाही. दुसरा टोल देणार तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि त्या काकूंचा आवाज पण रेकॉर्डिंगमधे आहे, तो बॉनहॅमकडे नव्हता.

रियाझ_कमी_चहा_जास्त

ते रेकॉर्डिंग टाका इथे आधी!!

कॅसेटकाका_नाशिकरोड

जिना सारखा म्हणून जोडी? मग उद्या म्हणाल की वीज मंडळ एकच म्हणून जोडी. विषय, गोष्ट, बांधणी हे काही आहे की नाही? पण कानाला काय सापडतं ते ऐकल्याशिवाय बोलणं बरोबर नाही, एवढं मान्य. आणि झेपलिनचा विषय निघालाच आहे तर, १९७२ मध्ये त्यांचा गिटारवाला जिमी पेज आणि प्लांट मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर ह्याच चौथ्या अल्बममधलं फोर स्टिक्स परत वाजवून गेले होते. सतार, तबला, सारंगी घेऊन. ते रेकॉर्डिंग अधिकृत बाहेर यायला २०१५ उजाडलं. ऐका, तबलजी बॉनहॅमच्या ठेक्याशी झटापट करतोय हे साफ कळतं.

गच्चीवरचा_बेसिस्ट

ठरलं मग. येत्या रविवारी झेपलिन चौथा आणि ओके कॉम्प्युटर, ४२ आणि ५३ मिनिटं, नऊच्या सुमारास होतं. मधे काकांच्या नियमाप्रमाणे झेपलिनची पहिली बाजू संपली की उठायचं, ती संपते स्टेअरवे टू हेवन ह्या गाण्यावर, म्हणजे तिथे पण जिनाच, मी आत्ता मोजतोय. सॅबथ आणि क्युस त्याच्या पुढच्या वेळी, सातपूरकर तुमची सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी याल ना? ग्रेटावाल्यांचा निकाल राखून ठेवतो.

काका तुम्ही पण या. ढोलवाले भाऊ तुम्ही या पण ढोल नको, आमच्या खालच्या मजल्यावर दहावीची मुलगी आहे.

टिपरू_आणि_थाप

ढोल नाही आणत. जिना कसा आहे तुमचा, दगडी का फरशी?

गच्चीवरचा_बेसिस्ट

फरशी. चार मजले. मधे पोकळी आहे.

टिपरू_आणि_थाप

ताशा आणतो. फक्त ताशा.